करगोट्याची किल्ली

आमच्या घरमालकांना आजारी माणूस आवडत नसे. त्यांना रुग्ण आवडायचा. आजारी माणूस कण्हतो, ओकतो, त्याच्या अंगाला वास येतो. रुग्ण मात्र खाटेवर सरळ बसलेला असतो, त्याचे केस विंचरलेले असतात, आणि कोणी काही दिलं की तो हसून कॅमेऱ्याकडे बघतो. असे रुग्ण आमच्या दवाखान्यात फार कमी यायचे, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. राहायला या गृहस्थांच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली होती. त्यांना मी काका म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला काकू. घरी डोक्यावर छप्पर काकांचं, आणि ड्युटीवर गेलं की चादरींवर, वजनकाट्यावर, पाण्याच्या टाकीवर नाव काकांच्या आईचं. त्यांच्या उपकाराच्या बाहेर मी फक्त रस्त्यावर असायचे, तेही स्कूटीवर.

काकांचा कापसाच्या जिनिंगचा धंदा. तो मुलाच्या हाती देऊन ते मोकळे झाले, आणि मोकळा माणूस कुठं तरी खपला पाहिजे म्हणून दवाखान्याला लागले. आईच्या नावानं ट्रस्ट काढला. ट्रस्टचे अध्यक्ष ते, सचिव ते, आणि खजिनदार काकू. काकूंना ही गोष्ट माझ्याकडून कळली. "बाप्पा! मी खजिनदार हाय?" त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "मंग खजिना कुठी हाय वो?"

माझ्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर काकांनी वर्तमानपत्रातली आपली कात्रणं लॅमिनेट करून लावली होती. खालच्या पायरीशी ते एका म्हातारीला चष्मा देत होते, मधल्या वळणावर कुबड्या, आणि माझ्या दाराशी पोचेपर्यंत थेट ऑक्सिजनचं यंत्र. ड्युटी करून पाय मोडलेले असायचे, आणि वर चढताना हा माणूस प्रत्येक पायरीवर कोणाला ना कोणाला काही ना काही देतच असायचा.

"सिस्टर," ते म्हणायचे, "न दिसलेलं दान अन् हरवलेलं पाकीट, दोन्ही सारखेच. गेलं थे गेलं."

एकदा त्यांनी दवाखान्याला चाकाच्या खुर्च्या दिल्या. पाठ टेकायच्या जागी आईचं नाव छापून घेतलं होतं, पिवळ्या अक्षरांत. वाटपाच्या दिवशी पहिला रुग्ण बसला, त्यानं पाठ टेकली, आणि आई झाकली गेली. काका अस्वस्थ झाले. "थोडे समोर सरका ना भाऊ. टेकू नका." तो माणूस मणक्याच्या दुखण्याचा. टेकल्याशिवाय त्याला बसताच येत नव्हतं. शेवटी फोटो मागून घ्यायचं ठरलं. मागून घेतला तर ढकलणारा वॉर्डबॉय आड येई. मग वॉर्डबॉयला बाजूला केलं, आणि उतारावरची ती खुर्ची हळूहळू फाटकाकडे निघाली. मी धावत जाऊन धरली. वर्तमानपत्रात जो फोटो आला, त्यात आईचं नाव स्वच्छ वाचता येतं आणि कोपऱ्यात माझा एक हात आहे.

एका म्हाताऱ्याला ते वॉकर देणार होते. खुब्याचं हाड मोडून नुकतंच जुळलेलं. फोटोवाला यायला उशीर झाला. काकांनी म्हाताऱ्याला वॉकर धरून उभं करून ठेवलं. म्हातारा पाऊल टाकायला लागला की म्हणायचे, "थांबा बाबाजी. अजून चालू नका. फोटो होऊ द्या, मंग चाला." त्याचे गुडघे लटलट कापत होते. मी त्याला खाली बसवलं तर काका माझ्यावरच रागावले. त्यांच्या मते मी दानधर्मात अडथळा आणत होते.

नेत्यांच्या वाढदिवसाला केळी वाटायला येणाऱ्या पोरांचा त्यांना भयंकर तिटकारा होता. "केळं देऊन काय होते? सकाई देल्लं, दुपारी साल. यंत्र देल्लं का नाव राह्यते." या एका बाबतीत मला ते पटायचे, म्हणून मी मान हलवायचे, आणि मान हलवली की ते अर्धा तास आणखी बोलायचे.

काकांच्या संशोधनाची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. नेरकडे त्यांचं शेत होतं, आणि शेतात विहीर. त्या विहिरीच्या पाण्यानं मुतखडा विरघळतो, असं त्यांच्या मनानं घेतलं. का घेतलं ते देवाला माहीत. बहुतेक त्यांच्या एखाद्या सालदाराचा खडा ते पाणी पिण्याच्या काळात पडला असावा. आमच्या दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर होते, नुकतेच शिकून आलेले, साधे आणि सरळ. काकांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि सांगितलं की ट्रस्ट वैद्यकीय संशोधनाला मदत करणार आहे. डॉक्टरांचा चेहरा उजळला. आपल्या तालुक्यात कोणी संशोधन हा शब्द उच्चारला, याचंच त्यांना कौतुक. काकूंनी वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली, आणि डॉक्टर भारावून जेवले.

त्यांनी पाण्याचे नमुने रीतसर यवतमाळला तपासायला पाठवले. ते पाणी भयंकर जड निघालं, क्षारांनी भरलेलं. डॉक्टर सांगायला आले तेव्हा मी जिन्यातच होते.

"काका, हे पाणी पिण्याजोगं नाही. यानं खडा जायचा तर सोडा, ज्याला नाही त्याला होईल."

काका म्हणाले, "डाक्टर, म्या तुमाले संशोधन करायले सांगतलं होतं. तपासणी करायले नाही सांगतलं."

"पण तपासल्याशिवाय संशोधन कसं होणार?"

"बोर्ड छापून आला न माह्या!" काका म्हणाले. बोर्ड खरंच आला होता. 'वैद्यकीय संशोधनाने सिद्ध झालेले जल', आणि खाली आईचा फोटो. तो त्यांनी विहिरीवर लावलाच. दवाखान्यात त्या पाण्याच्या कॅन यायला लागल्या, पण डॉक्टरांनी त्या फाटकावरूनच परत पाठवल्या. "पेशंटच्या तोंडात हे पाणी जाऊ देणार नाही," ते म्हणाले. एवढा मोठा आवाज मी त्यांचा पहिल्यांदाच ऐकला. काकांनी गावभर सांगितलं की नव्या डॉक्टरले विज्ञानाचा गंधच नाही. स्वतः काका घरी आरओचं पाणी प्यायचे. मला ठाऊक होतं, कारण ते मशीन माझ्या खोलीखालीच घरघरायचं.

आता वॉर्मरचं सांगते.

कमी वजनाचं किंवा अशक्त बाळ जन्मलं की त्याच्या अंगात ऊब टिकत नाही. त्याला वॉर्मरखाली ठेवतात. छोटा पाळणा, आणि वरून उष्णता देणारा दिवा. आमचा सरकारी वॉर्मर बंद पडला होता. दुरुस्त करणारा माणूस नागपूरहून यायचा होता, आणि तो यायचाच होता. काकांनी हे ऐकलं आणि नवाकोरा वॉर्मर विकत घेतला. स्वतःच्या पैशानं, उत्तम कंपनीचा. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण ते खरं आहे.

मग तो त्यांनी कोपऱ्यातल्या खोलीत ठेवला, प्लास्टिकसकट. त्याच्याभोवती लाल फीत गुंडाळली आणि खोलीला बाहेरून कुलूप घातलं. उद्घाटन एका मंत्र्याच्या हातून व्हायचं होतं. "सायबाची तारीख भेटून नाही राह्यली," ते म्हणायचे. उन्हाळ्यात विचारलं तेव्हा हेच, पावसाळ्यात विचारलं तेव्हा हेच. डॉक्टरांनी दोनदा वर लिहून पाहिलं. वरून उत्तर आलं की दात्यांच्या भावना दुखावू नयेत. किल्ली दवाखान्यात ठेवा म्हटलं तर काका म्हणाले, "सरकारी लोकाईच्या हातात देल्लं का भंगार झालंच समजा." किल्ली त्यांनी करगोट्याला बांधली. कमरेच्या काळ्या दोऱ्याला, सदऱ्याच्या आत. आंघोळीलाही ती सुटत नसे, असं काकू सांगायच्या.

थंडीचे दिवस होते. दुपारी एक बाई बाळंत झाली. घर शेतीवाडीचं, कापूस-तुरीचं. तिची आई खास बाळंतपणासाठी ढाणकीहून आली होती. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, मूठभर. डॉक्टरांनी त्याला श्वास दिला, ते बारीक रडलं, पण अंग थंड पडायला लागलं. पायाच्या तळव्यांना हात लावला की विहिरीच्या दगडाला लावल्यासारखं वाटायचं. बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झालेला, डॉक्टर तिच्यापाशी अडकलेले. अॅम्ब्युलन्स दुसरा रुग्ण घेऊन यवतमाळला गेली होती.

मी बाळाच्या आजीला पोलकं सोडायला लावलं, बाळ तिच्या उघड्या छातीशी धरलं आणि वरून लुगडं, शाल, जे मिळालं ते गुंडाळलं.

"आजी, हलू नका. अंगाची ऊब द्या."

"नाई हलत माय," ती म्हणाली. "तू जाय. काय आनायचं थे आन."

"सिस्टर, कुलूप तोडा!" डॉक्टर आतून ओरडले.

शिपायानं दगड घातला, मग लोखंडी सळई घातली. कुलूप हललं नाही. दवाखान्याला दिलेल्या सगळ्या वस्तूंत काकांनी हे कुलूपच काय ते पारखून घेतलं होतं. मी स्कूटी काढली.

घरी काका जेवून निजले होते. दुपारच्या झोपेत त्यांना उठवायची कोणाची टाप नव्हती. मागे एकदा मुलानं जिनिंगला आग लागली म्हणून उठवलं, तर त्यांनी आधी मुलाला झापलं आणि मग आगीचं विचारलं. काकू अंगणात गहू पाखडत होत्या. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"उठवा ना त्यांना," मी म्हटलं.

"उठले तं येतीन का थे?" काकू म्हणाल्या. "आंघोय करतीन, कोट घालतीन, फोटोवाल्याले फोन लावतीन. तवरिक लेकरू राह्यते का?"

त्या आत गेल्या आणि शिवणाच्या डब्यातली कातर घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "तू दारात उभी राह्य. जागे झाले तं म्हन, किराया द्याले आली."

मी दारात उभी राहिले. काका पलंगावर उताणे घोरत होते. काकूंनी त्यांचा सदरा अलगद वर केला. पोट वरखाली होत होतं, आणि किल्ली कमरेच्या कुशीला अडकलेली. काकूंनी दोन बोटांनी दोरा उचलला आणि वाट पाहिली. काकांनी श्वास सोडला, पोट खाली गेलं, आणि कातर चालली. काका काहीतरी पुटपुटले. मला वाटलं संपलं. पण ते कूस बदलून भिंतीकडे वळले. तुटलेला करगोटा गादीवर पडून राहिला.

मला वाटलं काकू किल्ली माझ्या हातात देतील. त्यांनी चपला घातल्या आणि स्कूटीवर माझ्या मागे बसल्या. या घरात नांदायला आल्यापासून दवाखान्यात त्या एकदाच आल्या होत्या, आणि तेही सासूला शेवटचं न्यायला. वाटेत त्यांनी माझा खांदा असा धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथं बोटं उमटलेली होती.

कुलूप उघडलं. आत तो वॉर्मर प्लास्टिकमध्ये, फितीमध्ये, एखाद्या नवरीसारखा सजून उभा. काकूंच्या मुठीत कातर तशीच होती. त्यांनी फीत कापली, प्लास्टिक टराटरा फाडलं. उद्घाटन झालं ते असं. मंत्री नव्हता, टाळी नव्हती. मी वायर लावली, दिवा पेटला. आजीच्या छातीवरून बाळ उचलून मी त्याखाली ठेवलं. आम्ही तिघी बघत उभ्या राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या ओठांचा निळेपणा कडेनं मागं सरायला लागला, पायाची बोटं गुलाबी झाली, आणि त्यानं असं भोकाड पसरलं की आतून डॉक्टर ओरडले, "वाचलं!" थोड्या वेळानं आईचाही रक्तस्राव थांबला, आणि आजी तिच्या उशाशी जाऊन बसली.

काका आले ते चार वाजता. कोट घालूनच. दारातूनच त्यांची नजर वॉर्मरवर गेली, मग जमिनीवरच्या प्लास्टिकवर, मग फितीच्या तुकड्यांवर. बाळाकडे गेली नाही.

"फीत कोनं कापली?"

डॉक्टर काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "म्या."

"तू?"

"हो, मी. खजिनदार हाय न मी."

मला वाटलं, आता इथं आग लागणार, आणि संध्याकाळी माझं सामान रस्त्यावर असणार. पण मी त्यांना ओळखलंच नव्हतं. ते दोन मिनिटं येरझारा घालत राहिले आणि मग त्यांनी फोन काढला. फोटोवाला आला. काका वॉर्मरवर हात ठेवून उभे राहिले. "लेकराले जरा इकडं घ्या, आईच्या नावाची पाटी दिसत नाही," म्हणाले. डॉक्टरांनी बाळाला हात लावू दिला नाही. तेव्हा काका स्वतःच वाकून पाटीजवळ गेले.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. दात्याला दुपारी झोपेत निरोप मिळाला, दाता तसाच अनवाणी धावत किल्ली घेऊन दवाखान्यात पोचला, आणि बालकाचे प्राण वाचले. अनवाणी! काकांनी ती बातमी लॅमिनेट करून जिन्यात लावली. काकू फोटोत होत्या, म्हणजे त्यांच्या पदराचं टोक होतं. मी ते कात्रण दाखवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पदर चांगला आला वो."

मला त्या माणसाचा जितका राग येतो, तितकाच या गोष्टीचा येतो की बाळ त्याच्याच यंत्राखाली जगलं. सरकारी यंत्र बंद होतं, आणि याचं चालू झालं. हे मला आजही गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही.

बाळ काही दिवस आमच्याकडेच होतं. काका रोज यायचे. खोली आता उघडी होती, तर त्यांना दुसरी काळजी लागली, धुळीची. घरून पिवळं फडकं आणायचे आणि वॉर्मर पुसत बसायचे. पाटी पुसायचे, दांडा पुसायचे, चाकं पुसायला खाली बसायचे. थंडीमुळे डोक्याला मफलर गुंडाळलेला असायचा. ढाणकीची ती आजी तिथंच भिंतीला टेकून बसलेली असायची. काका तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. फोटोवाला नसला की ते नातेवाइकांशी बोलत नसत.

सुट्टी मिळायच्या दिवशी आजी बाळाला घेऊन निघाली. मी कागद घेऊन उभी होते. काका उकिडवे बसून चाक पुसत होते. आजी त्यांच्यापाशी थांबली. कमरेची पिशवी सोडून तिनं त्यातून वीस रुपयांची नोट काढली, आणि वाकून त्यांच्या हातावर ठेवली.

"घे बापू. चहा पेजो."

काकांनी वर पाहिलं. "काय?"

"लय जीव लावला तू या मशीनले. म्या पाह्यलं न रोज. सायब लोकं येतात, पाहून जातात. पुसनारा तूच एक दिसला."

"अवो बाई, मी..." काका म्हणाले. मी कोण, हे सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. ते आधीच कुठं ना कुठं छापलेलं असायचं.

"नाई नोको म्हनू," आजीनं त्यांची मूठ मिटली आणि वरून थोपटली. "आमच्या घरी पोट्टं झालं का कोनाले रिकाम्या हातानं ठेवत नाई आमी. तुह्या लेकराबाळाले सुखी ठेवो देव." आणि बाळाच्या कपाळावरचं टोपरं सारखं करत ती निघून गेली.

काका तसेच बसून राहिले, एका हातात फडकं आणि दुसऱ्याची मूठ तशीच मिटलेली. मग ती मूठ त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली. बाहेर आली तेव्हा रिकामी होती. माझ्याकडे न बघता ते उठले आणि गेले. फडकं चाकाशी पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीला निघाले तर काका जिन्याच्या खालच्या पायरीशी उभे होते.

"सिस्टर, महिना भरला का खोली खाली करा."

मी थांबले. "काका, किल्लीचं मनात आहे का?"

"किल्लीचं काय हाय. थे झालं."

"मग भाडं वाढवायचं आहे का?"

"नाही."

"माझ्याकडून काही चुकलं?"

"नाही म्हनलं न."

"मग काहून?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, काकू ऐकत नाहीत याची खात्री केली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमी काल तथी उभ्या होत्या. तुमी पाह्यलं."